डिशचं पुढे काय?

आज गच्चीवर गेलो तर शेजारच्यांची डिश गंजलेली, केबल कापून नुसती लोंबकळतेय, आणि खाली सगळे वायफायवर मॅच बघतायत. खरंच वाईट वाटलं. अमेरिकेतल्या एटी अँड टी या फोन कंपनीने 2015 मध्ये डायरेक्टटीव्ही ही डिश टीव्हीवाली कंपनी घेतली, फोन इंटरनेट टीव्ही सगळं एकत्र विकायचं म्हणून, आणि 2021 मध्ये वेगळी पण काढली, तोवर ग्राहक लाखोंनी सोडून गेलेले. ब्रिटनमधल्या स्काय या डिश टीव्हीवाल्या कंपनीने तर त्याच वर्षी डिशच न लागणारा टीव्ही आणला. पण जिथे फायबर पोचलंच नाही त्यांचं काय? 36,000 किमीवरचा एक सॅटेलाइट एकाच वेळी कितीही घरांत चित्र पोचवतो, बघणारे वाढले म्हणून त्याचा खर्च वाढत नाही, स्ट्रीमिंगचं तसं नसतं हो. फक्त तो साधारण 15 वर्षंच चालतो, म्हणून आत्ता नवीन सोडायचा की नाही हाच खरा प्रश्न आहे, आणि मला वाटतं सोडायला हवा.