चूं चूं शाफ्ट आणि दापोलीचा एक जादा मुक्काम

ताम्हिणी उतरून निजामपूर, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर गाठलं आणि बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवली, सावित्रीची खाडी ओलांडून पलीकडे वेसवीला उतरलं की रायगड संपून रत्नागिरी जिल्हा सुरू. तिथून बाणकोटच्या रस्त्याला लागलो तर खालून चूं चूं चूं चालू. बायको म्हणाली पक्षी असेल. पण पक्षी काय आपल्या स्पीडप्रमाणे ओरडत नाही ना!

कोकणात एक बरं असतं, रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे (दगडी कुंपणं) असतात, काचा खाली करून त्यांच्यामधून हळू गाडी नेली की खालचा आवाज आपटून सरळ कानात येतो. सपाट तुकड्यावर गाडी न्यूट्रलला टाकली, आवाज तसाच, म्हणजे इंजिन-क्लच सुटले. हलका ब्रेक दाबला तरी फरक नाही, म्हणजे पॅड नाहीत. आणि मुख्य म्हणजे चूं चूं चाकाच्या मानाने फार भरभर येत होती. आमच्या फोर-बाय-फोर गाडीत (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येते अशी) चाक एकदा फिरतं तेव्हा शाफ्ट, म्हणजे ती ताकद ॲक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा, जवळपास 4 वेळा फिरतो, त्यामुळे आवाजाची लय पकडली की अर्धं निदान तिथेच होतं. पुढचे हब फ्री (पुढची चाकं ॲक्सलपासून सुटी), गिअर टू-हायला (ताकद फक्त मागच्या चाकांना), म्हणजे पुढचा शाफ्ट फिरतच नव्हता. उरला मागचा.

वेळासला (हो, तेच कासवांचं) सावलीत गाडी लावली, चारही चाकांना दगड, आणि खाली शिरलो. एका हातात शाफ्ट, दुसऱ्या हातात योक (शाफ्टच्या टोकाचा दुबेळका) धरून उलटसुलट पिळायचं, थोडासा जरी प्ले (ढिलेपणा) लागला तर क्रॉस, म्हणजे दोन योक जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, गेला समजा. डिफरन्शिअलकडच्या (मागच्या ॲक्सलकडच्या) क्रॉसला प्ले होता आणि क्रॉसच्या चार टोकांवर सुयांच्या बेअरिंगचे जे कप असतात त्यातल्या एका कपच्या सीलभोवती तांबडी भुकटी, कुंकवासारखी बारीक. ग्रीस गन गाडीत असतेच, निपलला लावून मारली तर तीन कपांतून जुनी काळी ग्रीस बाहेर आली, चौथा कप ढिम्म. चारही बाजूंनी ग्रीस बाहेर येत नाही तोवर ग्रीसिंग झालं असं धरू नका, बहुतेक जण दोन पंप मारून मोकळे होतात आणि मग असा एखादा कप सुका राहून मरतो.

दापोलीत गॅरेजवाल्याने आवाज ऐकून सांगितलं, "हाऊसिंग उघडायला लागेल दादा, क्राउन-पिनियन गेलंय." आता क्राउन-पिनियन (ॲक्सलच्या हाऊसिंगमधली, शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी) गेलं की घूं असा सलग सूर येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की तो बदलतो, चूं चूं करत नाही. म्हटलं आधी शाफ्ट काढा. फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर) आणि स्लिप जॉइंटवर (शाफ्टच्या सरकत्या सांध्यावर) पेंटने खुणा केल्या, काढला आणि क्रॉस नेमका स्टॉकला नाही, खेडहून उद्या येणार.

मग मी हब लॉक केले, फोर-हाय टाकलं (पुढच्या शाफ्टलाही ताकद) आणि नुसत्या पुढच्या चाकांवर आसूदमार्गे मुरुडला निघालो, महर्षी कर्व्यांचं मुरुड. पार्ट-टाइम फोर-बाय-फोरला हे जमतं, पण शाफ्ट ट्रान्सफर केसला (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीला) फ्लँजने जोडलेला हवा, नुसता आत सरकवलेला असेल तर तिथून सगळं ऑइल गळून जाईल. आणि काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक शाफ्टवरच असतो, तिथे हा उद्योग नको. गडग्यांमधून गाडी गेली, चूं नाही का चां नाही. हाऊसिंगमधलं काही गेलं असतं तर तेही ऐकू आलं असतं, कारण मागची चाकं क्राउन-पिनियन फिरवतच होती. मुरुडच्या किनाऱ्यावर मस्त वेळ गेला, गाडी मात्र वाळूत घातली नाही, खारं पाणी आणि क्रॉसच्या सुया यांचं वैर आहे.

दुसऱ्या दिवशी सर्क्लिप (कप अडवून धरणारी रिंग) काढून व्हाइसमध्ये कप दाबून बाहेर काढला, आत ग्रीसचं नाव नाही, सुयांचा गंजून चुरा झालेला आणि क्रॉसच्या दांड्यावर अशा खाचा पडलेल्या की नख अडकत होतं. पाण्याचंच काम हे, पावसाळ्यात गाडी ओढ्यांतून जातेच. बसवताना शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत ना ते स्वतः वाकून बघा. तिरक्या कोनात एक क्रॉस शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त करतो आणि दुसरा क्रॉस ते भरून काढतो, स्लिप जॉइंटची स्प्लाइन (एकमेकांत बसणारे दाते) एक दाता जरी चुकली तरी हा हिशोब बिघडतो आणि स्पीड घेतला की सगळी गाडी थरथरते. म्हणून तर पेंटच्या खुणा. पोऱ्याने पुसायला घेतल्या होत्या, ओरडलो.

खर्च म्हणाल तर क्राउन-पिनियनपुढे क्रॉस अगदीच किरकोळ. मंडणगडला चहाला थांबलो तेव्हा फ्लँजचे बोल्ट पाना लावून बघितले, एक जरासा फिरला, बाकीचे घट्ट होते.