सातबाऱ्यावरचे तीन आर आणि कलम 155

सातबारा ऑनलाइन दिसतो पण त्यावर डिजिटल सही होत नाही, असं ज्यांना सज्जावरून (तलाठी ऑफिसातून) सांगितलं गेलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचा गट, म्हणजे जमिनीचा नंबर पडलेला तुकडा, सांगली जिल्ह्यातला. तालुका मुद्दाम लिहीत नाही, त्याच टेबलावर आमचं अजून एक काम पडून आहे.

भूलेख या सरकारी साइटवर सातबारा बघायला मिळायचा, नावंही सगळी बरोबर. पण डिजिटल सातबाऱ्याच्या साइटवर 15 रुपये भरून सहीचा उतारा काढायला गेलं की हा गट मिळायचा नाही. भूलेखवरची प्रत फक्त माहितीपुरती असते, गावची कर्ज देणारी सोसायटी ती इकरारासाठी, म्हणजे कर्जापोटी जमीन तारण लिहून देण्यासाठी, धरत नाही. म्हणजे पीककर्ज तिथेच थांबलं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "क्षेत्राचा मेळ बसत नाही, सिस्टीम घेत नाही."

मेळ म्हणजे कशाचा कशाशी, हे मला कुणीही नीट सांगितलं नाही. साडेपाच महिने लागले, त्यातले तीन याच एका प्रश्नात गेले. म्हणून आधी तेच सांगतो.

संगणकीकृत सातबाऱ्यावर डाव्या बाजूला गटाचं एकूण क्षेत्र असतं: लागवडीयोग्य, पोटखराब (लागवडीला न येणारं) आणि दोन्ही मिळून एकूण. पुढे प्रत्येक खातेदारासमोर क्षेत्र, आकार (जमिनीचा सरकारी सारा), पोटखराब आणि फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा नंबर. खातेदारांसमोरच्या क्षेत्राची बेरीज डावीकडच्या लागवडीयोग्य क्षेत्राइतकी यायला हवी, पोटखराबाची पोटखराबाइतकी, आकाराची आकाराइतकी. एक चौरस मीटर इकडेतिकडे झाला तरी उतारा चुकीच्या यादीत जातो आणि त्यावर सही होत नाही.

आकडे हेक्टर, आर, चौरस मीटर असे वाचायचे; एक आर म्हणजे 100 चौरस मीटर. आमच्या गटाचं लागवडीयोग्य क्षेत्र 1.63.00, पोटखराब 0.05.00, एकूण 1.68.00. नावं चार. संगणकावर त्यांच्यासमोर होतं 0.56, 0.56, 0.27 आणि 0.27. बेरीज 1.66. लागवडीयोग्य क्षेत्रापेक्षा तीन आर जास्त, एकूण क्षेत्रापेक्षा दोन आर कमी. म्हणजे कुठल्याच आकड्याला लागू नाही. सज्जावर पहिला सल्ला मिळाला, "तिघांच्या नावचा एकेक आर कमी करा, बसेल." बसलं असतं! पण कुणाचा एक आर, आणि कुठल्या कागदाच्या आधाराने? असं अंदाजाने बसवलेलं क्षेत्र उद्या मोजणीच्या वेळी भांडणाचं मूळ होतं. असला सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

चूक कुठे झाली ते हस्तलिखित सातबारा हातात आल्यावर कळलं. जुन्या उताऱ्यावर नावांसमोर क्षेत्र नव्हतंच, आणेवारी होती, म्हणजे आणे-पैत लिहिलेला हिस्सा. पहिल्या दोन नावांना 5 आणे 4 पै, पुढच्या दोघांना 2 आणे 8 पै. 16 आण्यांचा रुपया, 12 पैंचा आणा, म्हणजे पूर्ण गट 192 पै. 64, 64, 32, 32. साधा तिसरा हिस्सा, आणि एका तिसऱ्या हिश्श्याचे दोन भाग. डेटा भरताना कुणीतरी या आणेवारीचं क्षेत्र करून लिहिलं. पहिल्या दोन नावांना हिस्सा काढला एकूण 1.68 वरून, म्हणून 0.56. पुढच्या दोघांना काढला 1.63 वरून, तेव्हा 27.17 आर येतात. त्यातले 17 चौरस मीटर सोडून दिले, म्हणून 0.27. एकाच पानावर दोन हिशेब.

बरोबर हिशेब असा होतो. लागवडीयोग्य: 0.54.33, 0.54.33, 0.27.17, 0.27.17, बेरीज 1.63.00. पोटखराब: 0.01.67, 0.01.67, 0.00.83, 0.00.83, बेरीज 0.05.00. आकार 2.84 रुपये होता, तो 0.95, 0.95, 0.47, 0.47. शेवटच्या अंकाला पुढे-मागे करावं लागतं, ते करताना बेरीज आधी लिहा आणि मग हिस्से, उलटं नको. हे मी एका कागदावर तक्ता करून अर्जाला जोडलं आणि पुढे तोच तक्ता जसाच्या तसा तहसीलदारांच्या आदेशात उतरला. थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पण तक्ता कितीही बरोबर असला तरी त्याला आधार लागतो, आणि खरी अडवणूक तिथेच झाली. हस्तलिखित सातबाऱ्यावरची आणेवारी कुठल्या फेरफाराने आली तो फेरफार जोडा, असं सांगितलं गेलं. मागणी रास्त आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 155 म्हणजे लेखनप्रमादाची दुरुस्ती, आणि लिहिताना चूक झाली हे दाखवायचं तर आधी बरोबर काय होतं ते दाखवावंच लागतं. अडचण अशी की सातबाऱ्याचं दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं. त्यात फेरफाराचे क्रमांक, नावांना घातलेले कंस, आणेवारीतले पै असं काहीबाही गळत जायचं. आमच्या शेवटच्या हस्तलिखित उताऱ्यावर आणेवारी होती, तिच्यापुढचं, फेरफार क्रमांक लिहायचं वर्तुळ कोरं.

तहसीलच्या अभिलेख कक्षात "आजोबांच्या नावचा वाटणीचा फेरफार हवाय" असं म्हणून उपयोग नसतो. फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, गाववार आणि क्रमांकवार असते. नावावरून शोधायचं तर सगळे गठ्ठे उचलावे लागतात, आणि ते कुणी उचलत नाही. दोनदा "सापडत नाही" म्हणून अर्ज परत आला. मग मागे मागे जायचं ठरवलं. शेवटच्या हस्तलिखिताच्या आधीच्या पुनर्लेखनाची नक्कल मागितली, मग त्याच्याही आधीची. तिसऱ्या उताऱ्यावर वर्तुळात क्रमांक मिळाला. मात्र त्या उताऱ्यावर गट नंबरच नव्हता, एकत्रीकरणापूर्वीचा, म्हणजे तुकडे जोडून गट पाडण्याआधीचा, सर्व्हे नंबर होता. हा सर्व्हे नंबर म्हणजेच आजचा गट, हे दाखवायला मोजणी ऑफिसातून नऊ तीन नऊ चारचा उतारा काढावा लागतो. गटवारीच्या वेळी कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला ते त्यात लिहिलेलं असतं. अर्ज करताना "9(3), 9(4)" असंच लिहा, खिडकीतल्या माणसाला लगेच कळतं.

फेरफाराची नक्कल हातात आली तेव्हा त्यात क्षेत्र होतं 4 एकर 6 गुंठे. इथे पुन्हा शंका काढली गेली की हे क्षेत्र वेगळं आहे. वेगळं नाही. एक गुंठा म्हणजे 1.0117 आर. 4 एकर 6 गुंठे म्हणजे 166 गुंठे, त्याचे 167.94 आर, म्हणजेच 1 हेक्टर 68 आर. हा गुणाकार मी नक्कलेच्या झेरॉक्सवर पेन्सिलने लिहून दिला. आकारबंदाचा (मोजणी खात्याच्या क्षेत्र-आकाराच्या मूळ नोंदीचा) उताराही सोबत लावला, कारण गटाच्या एकूण क्षेत्राबाबत शेवटचा शब्द आकारबंदाचा. तुमच्या गटाचं एकूण क्षेत्रच आकारबंदाशी जुळत नसेल तर खातेदारांच्या हिश्श्यांत डोकं घालू नका, आधी ते सोडवा.

इतकं जमल्यावर पुढचं सोपं होतं. ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीत घरबसल्या अर्ज होतो, कागद स्कॅन करून जोडता येतात, अर्ज क्रमांक मिळतो. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी भाऊसाहेब, अहवाल देतात, सर्कलचा (मंडळ अधिकाऱ्याचा) अभिप्राय होतो, फाइल तहसीलदारांकडे जाते. यात विशेष काही घडलं नाही.

सुनावणीच्या नोटिशीला मात्र वेळ गेला. चारही खातेदारांना नोटीस जाते, आणि ती जाते नोंदीतल्या पत्त्यावर. आमच्यातला एक चुलतभाऊ गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात तामिळनाडूत. गावातल्या बंद घराला नोटीस लागून काय होणार? "राहत नाही" शेरा मारून ती परत. अर्जातच सगळ्यांचे चालू पत्ते आणि मोबाइल नंबर दिले असते तर एक महिना वाचला असता. शेवटी तो गणपतीत आला तेव्हा जबाब झाला. बाहेरगावचे लोक असतील तर अर्जाची वेळच गणपती नाहीतर गावची यात्रा धरून साधा.

आणखी एक. जबाबात "आमची हरकत नाही" एवढंच लिहून भागत नाही. "माझ्या नावासमोर 0.27.17 क्षेत्र व 0.00.83 पोटखराब दाखल करण्यास हरकत नाही" असं आकड्यासकट लिहून घ्या. कुणी एकाने जरी हिश्श्यावरच वाद काढला तर ते 155 चं काम राहत नाही. मग प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील, कलम 247 खाली, 60 दिवसांच्या आत. किंवा सरळ दिवाणी कोर्ट. 155 ने हिस्सा वाढवून देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आदेश झाला त्या दिवशी मी पेढे वाटले. घाई झाली. सही-शिक्क्याचा आदेश म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे तीन आठवड्यांनी कळलं. भूलेखवर रोज बघत होतो, आकडे तेच. कागदावरचा आदेश ई-फेरफार या संगणक प्रणालीत चढवावा लागतो, तहसीलदारांची मान्यता तिथे ऑनलाइन व्हावी लागते, मग फेरफार तयार होतो आणि सर्कल तो प्रमाणित करतात. तेव्हा कुठे सातबारा बदलतो. आमचा आदेश आवक-जावकला नोंद होऊन सज्जाच्या पिशवीत होता. भाऊसाहेबांकडे तीन गावं, एकाच डोंगलवर (डिजिटल सहीच्या उपकरणावर) सगळ्या सह्या, त्यांनाही बोल लावत नाही. पण आदेशाची प्रत घेऊन स्वतः सज्जावर जा, फेरफार क्रमांक पडेपर्यंत उठू नका. क्रमांक पडला की 'आपली चावडी' या साइटवर बघता येतं. सर्व्हरचं म्हणाल तर सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, मधल्या वेळात नुसतं चक्र फिरतं.

आता आठवतील तशा चार गोष्टी.

आधी 8अ, म्हणजे खात्याचा उतारा, काढा. एकाच माणसाची गावात दोन-तीन खाती पडलेली असतात, एक "रामचंद्र", एक "रामचन्द्र". हे डेटा भरतानाचंच पाप. शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळेना की लोक आधार बदलायला धावतात. पुष्कळदा चूक सातबाऱ्याकडची असते.

2017 च्या उन्हाळ्यात गावोगावी चावडी वाचन झालं, ते याच चुका पकडायला. आमच्याकडेही झालं. नावं वाचली, लोकांनी माना डोलावल्या, सह्या केल्या. बेरीज कुणीच केली नाही, मीही नाही. तुमच्या उताऱ्यावर सही होत असली तरी आज कॅल्क्युलेटर घेऊन एकदा बेरीज कराच. बेरीज जुळूनही हिस्से चुकलेले असू शकतात, आणि ते सिस्टीमला कधीच कळणार नाही.

नकला मागताना प्रमाणित प्रतच घ्या. मोबाइलवर काढलेला फोटो सुनावणीत चालत नाही. आणि प्रत्येक नक्कल दोन मागा, एक फाइलला जाते ती परत येत नाही.

अर्जात मागणी एका वाक्यात लिहा. मी पहिल्या अर्जात दीड पान इतिहास लिहिला होता, तो त्रुटी म्हणून परत आला. दुसऱ्यात लिहिलं: "अमुक फेरफारातील आणेवारीप्रमाणे सोबतच्या तक्त्यानुसार खातेदारनिहाय क्षेत्र, आकार व पोटखराब दुरुस्त करून मिळावा." तो स्वीकारला गेला.

आणि शेवटची, जी मला स्वतःला नडली. सगळं लक्ष क्षेत्राच्या रकान्यावर ठेवलं आणि उजवीकडे 'इतर अधिकार' या रकान्यात बघितलंच नाही. नवा सहीचा सातबारा 15 रुपयांत डाउनलोड केला, बेरीज केली, 1.63.00, चोख. मग वडिलांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "विहिरीतला आपला हिस्सा कुठाय?" हस्तलिखितावर "विहिरीत 1/3 हिस्सा" अशी स्पष्ट ओळ होती, संगणकावर ती कधी चढलीच नव्हती. जे अर्जात मागितलं तेवढंच दुरुस्त होतं. वीजपंपाच्या जोडणीला ती ओळ लागणार, म्हणून परवा पुन्हा ई-हक्कवर अर्ज टाकला. चौघांचे चालू पत्ते आणि मोबाइल नंबर या वेळी पहिल्याच पानावर आहेत.