पाचवा दिवस

काकूंनी माझा पाचवा दिवस खोडून टाकला, तेव्हा विद्यार्थी यायला अजून वर्ष बाकी होतं.

मी टेक्सासमधल्या एका विद्यापीठात शेतीचं समाजशास्त्र शिकवते. माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं, देवळी तालुक्यातलं एक छोटं गाव. आमच्या विद्यापीठात प्राध्यापकाने स्वतः आखून, स्वतः नेऊन आणायचा परदेशी अभ्यासदौरा हा एक रीतसर अभ्यासक्रमच असतो. त्याला क्रेडिट असतात, गुण असतात, परतल्यावर निबंध असतो. युरोपातल्या शहरांत असे दौरे खूप जातात. मला माझे विद्यार्थी कापसाच्या शेतात न्यायचे होते. टेक्सास हे अमेरिकेतलं सर्वांत जास्त कापूस पिकवणारं राज्य, आणि माझं बालपण पऱ्हाटीतलं, म्हणजे कापसाच्या झाडांमधलं. ही दोन शेतं एकाच अभ्यासक्रमात यावीत असं फार वर्षं मनात होतं.

प्रस्ताव लिहून झाल्यावर मी गावी गेले. वेळापत्रकात पाचव्या दिवशी लिहिलं होतं: आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या मुलाखती. विदर्भ म्हटलं की बाहेरच्या जगाला हेच ठाऊक असतं, आणि मीही तिथूनच सुरुवात केली होती. आमच्या घरामागच्या काकूंना मी सगळे दिवस वाचून दाखवले. पाचव्यावर त्यांनी हात वर केला.

"बाई, तू गावची लेक म्हणून सांगतो. आतापर्यंत लय लोकं आले. कागद घेऊन आले, फोटो काढून गेले. तेच तेच सांगून मी थकली. तुह्या पोट्ट्यांनी मरणाचं इचारलं, त मी भाकर नाही देणार. कापसाचं इचारा, दिवसभर सांगतो."

मी तिथेच पेनाने ती ओळ खोडली. त्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून ती कोरी ठेवली. पुढे सगळ्या मंजुऱ्या मिळाल्या, तरी पाचवा दिवस कोराच राहिला.

मंजुऱ्यांचं थोडं सांगते, कारण अशा दौऱ्याचं निम्मं काम तिथेच असतं. पहिला वाद महिन्याचा झाला. विद्यापीठाला सोयीचा उन्हाळा, म्हणजे मे-जून. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि शेत रिकामं असतं. मला जानेवारी हवा होता, थंडीचा, शेवटच्या वेच्याचा, तुरीच्या शेंगांचा. दोन सत्रांमधल्या सुट्टीत १७ दिवस बसवायला मला चार बैठका लागल्या. दुसरा वाद नकाशाचा. मला गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावी एक दिवस न्यायचं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक, सुमारे १,८०० हेक्टर जंगल सांभाळणारं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्याच गावची. पण अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवाससूचनेत माओवादी हिंसेमुळे 'पूर्व महाराष्ट्र' असा शब्द होता, आणि जोखीम पाहणाऱ्या समितीने विचारलं, हा पूर्व महाराष्ट्र नेमका कुठून सुरू होतो? मी नकाशावर जिल्हे रंगवून नेले. वर्धा मंजूर झाला, गडचिरोली नाही. मेंढा (लेखा) गावाबद्दल आम्ही वर्गातच शिकलो. ती रुखरुख अजून आहे.

बाकीची कामं शांतपणे केली की होतात. टायफॉइड आणि हिपॅटायटिस-ए च्या लसी, मलेरियाच्या गोळ्या, विमा, दोन शिक्षक सोबत असण्याचा नियम. जवळचं मोठं रुग्णालय कोणतं, या रकान्यात मी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय लिहिलं. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाच्या नोंदीचा 'फॉर्म सी' तेव्हा भरावा लागायचा, मग ते हॉटेल असो की काकूंचं घर. तेव्हा पाहुणे घेणाऱ्या सहाही घरांची नोंदणी आधी ऑनलाइन करून घेतली, पोलीस पाटलांना आणि ठाण्याला भेटून आले. पैशाचा प्रश्न मात्र नाजूक होता. विद्यापीठाला बिल हवं, आणि काकू भाकरीचं बिल कुठून देणार? शेवटी महिला बचत गटाने ठराव केला, निवास आणि जेवणाचा दर बायकांनी बसून ठरवला, आणि नागपूरच्या प्रवास-व्यवस्थापकामार्फत रक्कम रुपयांत थेट गटाच्या खात्यात गेली. दर मी सुचवला होता त्यापेक्षा त्यांनी जास्त लावला. मला फार बरं वाटलं.

आणखी एक अट मी स्वतःच घातली होती. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचे सहा विद्यार्थी सगळे १७ दिवस सोबत राहतील, त्यांचा खर्च दौऱ्याच्या अंदाजपत्रकातून होईल, आणि ते दुभाषे म्हणून नाही तर विद्यार्थी म्हणून येतील. त्यांनाही तेच वाचन, तोच निबंध. ही अट काढली असती तर दर माणशी शुल्क बरंच खाली आलं असतं. ती काढायची नाही, हे मनाशी पक्कं होतं.

जानेवारीत अकरा जणांना घेऊन नागपूरला उतरले. पहिले तीन दिवस वर्धा आणि सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली इथे आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम हे नाव १९४० चं. बापूकुटीत मुलं फारसं बोलली नाहीत. माती, बांबू आणि कवेलूंचं ते घर पाहून एक मुलगी म्हणाली, यातली प्रत्येक वस्तू कुठून आली असेल ते मी बोटाने दाखवू शकते. मगन संग्रहालयात दिवसभर सूतकताई केली. माझ्या मुलांचं सूत सारखं तुटत होतं आणि स्थानिक मुलांचंही तुटत होतं, त्यामुळे दोन्हीकडची पोरं पहिल्यांदा एकत्र हसली.

हिंगणघाटला जिनिंगमध्ये, जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात, मी त्यांचा उभ्या उभ्या तास घेतला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिथला कापूस अडला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या थांबल्या. तेव्हा वऱ्हाड आणि वर्ध्याच्या कापसाला भाव चढला, हिंगणघाटचं नाव विलायतेतल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी गेलं आणि १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. युद्ध संपलं, अमेरिकी कापूस परत बाजारात आला, भाव उतरला. इथला शेतकरी मात्र तोवर या बाजाराला बांधला गेला होता. पश्चिम टेक्सासच्या कापूस शेतकऱ्याचा नातू सरकीच्या ढिगाजवळ उभा होता. तो म्हणाला, म्हणजे आपली ओळख जुनीच आहे. गाठी बांधणारे मजूर आमच्याकडे बघत होते. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि बाकी बहुतेक सरकी, हे त्यांच्यातल्या एकाने वजनकाट्यावरच दाखवलं.

चौथ्या दिवशी गावात. सकाळी सातला काकूंनी सगळ्यांच्या कमरेला ओटी बांधली. बोंडातून कापूस कसा ओढायचा, पाचोळा कसा टाळायचा, कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी कशी ठेवायची, हे त्या प्रत्येकाचा हात हातात धरून शिकवत होत्या. दुपारपर्यंत काकूंचा कापूस १४ किलो भरला, टेक्सासच्या त्या नातवाचा ३. त्याच्या घरचं यंत्र एका फेरीत सहा-आठ ओळी ओरबाडत जातं. त्याने ओरखडे उमटलेली बोटं काकूंना दाखवली. काकू म्हणाल्या, "होते बापू, पहिल्या दिवशी होतेच."

बांधावर जेवताना खरा वर्ग भरला. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, ठेचा. वाचून आलेली एक मुलगी काकूंच्या मुलाला, म्हणजे दादांना, विचारत होती, डिसेंबरअखेर पीक काढून टाका असं कृषी विभाग सांगतो, गुलाबी बोंडअळीचं चक्र तुटतं, मग तुम्ही वेचा संपल्यावरही तेच पीक उभं, म्हणजे फरदड, का ठेवता? प्रश्न बरोबर होता. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भाचा कापूस किती नासवला ते तिला ठाऊक होतं. अमेरिकेने २०१८ मध्ये हीच अळी देशातून संपल्याचं जाहीर केलं, हेही ठाऊक होतं. दादांनी शांतपणे सांगितलं, "ओलीत नाही, वावराले पाणी नाही. पऱ्हाटी उपटली त जूनपर्यंत वावर रिकामं. फरदडीचा एक-दोन क्विंटल येते, त्यात पोराची फी निघते. कोणाले सोडवते?" मग त्यांनीच उलट विचारलं, तुमच्याकडे संपली कशी? तिने सांगितलं: बीटी बियाणं, वांझ पतंग सोडणं, गंधसापळे, आणि सगळ्या शेतांनी एकाच वेळी एकच गोष्ट करणं. दादा बराच वेळ विचार करत होते. "एकाच वेळी," ते म्हणाले, "थेच त कठीण हाय. माहं वावर साफ केलं अन् शेजारच्यानं फरदड ठेवली, त काय उपेग?" नातवाने वहीत लिहिलं, आणि मला दाखवलं, की त्याच्या परगण्यात शेतकरी स्वतः मत देऊन कीडनिर्मूलनासाठी एकरी वर्गणी बसवतात. ही व्यवस्था आपल्यालाही शिकण्यासारखी आहे असं मला मनापासून वाटतं. पण ओलीत नसलेल्या पाच एकरांवर ती कशी उभी राहील, याचं उत्तर त्या बांधावर कुणाकडेच नव्हतं.

संध्याकाळी गावाने आम्हाला प्रश्न विचारले. हाही माझा नियम होता: जितके प्रश्न विचाराल तितक्यांना उत्तरं द्यायची. समाजमंदिरात सत्तरेक माणसं जमली होती. तुमच्याकडे सालदार असतो का? मुली शिकून कुठे जातात? म्हातारपणी आईबापाला कोण बघतं? मग एका बाईने विचारलं, इथे यायला किती पैसे पडले? मुलीने डॉलरमध्ये सांगितलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी रुपयांत सांगितलं: विमान धरून चार लाखांच्या वर. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "थेवढ्यात माही पोरगी पूर्ण नर्सिंग शिकते." त्या शांततेत मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं. ते लपवलं असतं तर पुढचं सगळं शिकवणं खोटं झालं असतं. मुलांपैकी तिघांनी परतल्यावर निबंधाला हाच विषय घेतला.

आणि मग पाचवा दिवस. मी मुलांना सांगितलं होतं, उद्या काही नाही. घरातल्या माणसांसोबत राहा, वही काढू नका.

काकूंच्या अंगणात तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग होता. संक्रांत तोंडावर, घरोघरी आवराआवर चाललेली. आम्ही सातआठ जण सोले काढत बसलो. हिरवे दाणे परातीत पडत होते. नातू सोलताना फार हळू होता, काकू त्याच्या पुढ्यात सारख्या शेंगा टाकत होत्या. त्यांनी विचारलं, "आजोबा हायेत का तुह्ये?" सोबत आलेली जिल्ह्यातल्या महाविद्यालयातली मुलगी मध्ये बसून दोघांना एकमेकांचं बोलणं सांगत होती. तो म्हणाला, नाहीत. १९८० च्या दशकात तिकडे शेतीवर मोठं संकट आलं, कर्जाचे व्याजदर चढले, जमिनींच्या किमती पडल्या. आजोबांनी अर्धी जमीन विकली. एके सकाळी ते यंत्राच्या शेडमध्ये गेले. पुढचं तो बोलला नाही. वर्षभर मी त्याला शिकवत होते आणि मला हे माहीत नव्हतं. मी त्यांच्या घरच्या कापसाबद्दल किती वेळा विचारलं होतं.

त्या मुलीने काकूंना सांगितलं. काकूंचे हात थांबले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी, कुणी न विचारता, दोन-तीन वाक्यं बोलली. खालच्या आवाजात, त्याच्याकडे बघून. ती मुलगी माझ्याकडे बघू लागली, सांगू का म्हणून. मी मान हलवून नको म्हटलं. काकू त्याच्याशी बोलल्या होत्या, अभ्यासक्रमाशी नाही. त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. त्याने मान डोलावली आणि परात काकूंकडे सरकवली. मग काकूंनी त्याच्या पुढ्यात आणखी शेंगा टाकल्या.

काकू काय म्हणाल्या ते मी इथेही लिहिणार नाही.

त्या रात्री सोल्यांची आमटी झाली. पुढचे दिवस भराभर गेले: पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम, कापूस खरेदी केंद्रावरची रांग, संक्रांतीचं हळदीकुंकू. मुलींना वाण म्हणून स्टीलच्या वाट्या मिळाल्या, त्या त्यांनी विमानात हातातल्या पिशवीत ठेवल्या. एकाला जुलाब झाले, दोन दिवस मीठ-साखरेच्या पाण्यावर राहून बरा झाला. काकू त्याला ताकभात घेऊन आल्या होत्या.

परतल्यावर विद्यापीठाला दिवसवार अहवाल द्यायचा असतो. प्रत्येक दिवसापुढे दोन रकाने: काय शिकवलं, आणि कोणी शिकवलं. पाचव्या दिवसापुढे मी लिहिलं: तुरीच्या शेंगा सोलल्या. दुसऱ्या रकान्यात काकूंचं नाव घातलं, त्यांना फोन करून, विचारून.