तुम्ही विचारलंत म्हणून: सुपरहिरोच्या सिनेमात मला राजकारण का दिसतं

"मॅडम, अडीच तास मारामारी बघायला जातो आपण. तुम्ही त्यातही संविधान काढता. कशाला?"

गेली दहा-बारा वर्षं हा प्रश्न माझ्यामागे आहे. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, भाच्यांबरोबर थिएटरबाहेर रिक्षाची वाट बघताना. मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. त्यामुळे विचारणाऱ्यानं उत्तर मनात ठरवूनच ठेवलेलं असतं: बाईंना सवयच आहे. आजवर मी हसून विषय बदलला. आता एकदा नीट सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. राजकारण मी आत घातलेलं नाही. कॅप्टन अमेरिका या सुपरहिरोच्या कॉमिक्सचा पहिला अंक १९४० च्या डिसेंबरात विक्रीला आला, मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती, पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला पुढच्या डिसेंबरातला. ज्यो सायमन आणि जॅक कर्बी हे दोन ज्यू तरुण त्या चित्रातून आपल्या देशाला सांगत होते की बाजू घ्या. त्यापायी त्यांना धमक्याही आल्या. तेव्हा "पूर्वी नुसती करमणूक होती, हल्ली हे लोक राजकारण घुसवतात" असं मला कुणी ऐकवू नये.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. "मग आपल्याकडचा थॅनॉस कोण? बॅटमॅन कोण?" म्हणजे खलनायक कोण आणि नायक कोण. हा नावं जुळवायचा खेळ मी सोडला. ज्याला जो नेता आवडतो त्याला तो बॅटमॅनच्या जागी बसवतो, नावडत्याला त्याच्या शत्रूच्या, जोकरच्या, आणि सगळे जिथे होते तिथून घरी जातात. मी स्वतः हे केलंय. २०१२ साली 'द डार्क नाइट राइजेस' पाहून आल्यावर कोण कोण कुठे बसतं याची वर्गात फळ्यावर यादी केली होती. मुलांना फार आवडली. आज मला ती यादी शिकवणं वाटत नाही.

मी बघते ते वेगळं. निर्णय कोण घेतो, कुणाला विचारून घेतो, चुकला तर दाद कुठे मागायची. आणि या सगळ्यात साधी माणसं काय करतात. बहुतेक वेळा ती पळत असतात, नाहीतर मान वर करून आकाशाकडे बघत असतात.

'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' घ्या, २०१६ चा. सोकोव्हिया या काल्पनिक देशात आणि लागोसमध्ये सुपरहिरोंच्या लढायांत माणसं मेल्यावर ११७ देश करार करतात: या वीरांनी कुठे जायचं हे यापुढे संयुक्त राष्ट्रांची समिती ठरवेल. मी कायम कराराच्या बाजूची, वर्ग कायम कॅप्टनच्या. "समितीवर भरवसा कसा ठेवायचा, मॅडम?" रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला चार-चार खेपा घातलेल्या घरांतली ही मुलं आहेत. त्यांचा अविश्वास सिनेमानं शिकवलेला नाही, आणि त्याला मी 'अपरिपक्व' म्हणत होते ही माझी चूक होती. पण याच सिनेमात एक आई कॉरिडॉरमध्ये टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, गाठते. तिचा मुलगा सोकोव्हियात गेलाय. ती आपलं म्हणणं मांडते आणि निघून जाते. पुढे सगळं भांडण दोन मित्रांचं होऊन बसतं. त्या आईला कराराच्या टेबलावर कुणी बोलावत नाही, करार करणारेही नाहीत आणि मोडणारेही नाहीत. हे दिसल्यावर मी गप्प कशी बसू?

आता बॅटमॅनचा 'द डार्क नाइट'. २००८ मध्ये भावाबरोबर पुण्यात पाहिला. तेव्हापासून किती वेळा पाहिला ते मोजलेलं नाही. त्यातल्या दोन फेरीबोटी तुम्हाला आठवत असतील. एकीवर नागरिक, दुसरीवर कैदी, आणि जोकरनं प्रत्येकीच्या हातात दिलेलं दुसरी उडवायचं बटण. नागरिक चिठ्ठ्या टाकून मतदान करतात. उडवा म्हणणारे ३९६, नको म्हणणारे १४०. मतदान रीतसर आणि बहुमत स्वच्छ, तरी बटण दाबायला एकाचाही हात पुढे होत नाही. दुसऱ्या बोटीवरचा एक कैदी तर ते यंत्र मागून घेतो आणि खिडकीबाहेर फेकतो.

कितीतरी वर्षं मी हा प्रसंग 'माणूस मुळात चांगला असतो' म्हणून शिकवला. बारावीच्या वर्गात शेवट न सांगता मुलांना चिठ्ठ्या टाकायला लावायचे, मग सांगायचे की बघा, सिनेमात कुणी दाबलं नाही. बोटीवरची माणसं स्वतःला आवरत असतात त्याच वेळी बॅटमॅन शहरातला प्रत्येक फोन ऐकत असतो, हे मात्र मी भरभर उरकत असे. त्याची यंत्रं सांभाळणारा लूशियस फॉक्स त्याला सांगतो की ही एका माणसाच्या हातात न मावणारी सत्ता आहे आणि हे यंत्र असेपर्यंत मी इथे काम करणार नाही. काम झाल्यावर फॉक्स आपलं नाव टाइप करतो आणि यंत्र आपोआप नष्ट होतं. वटवाघळाच्या वेशातला माणूस मी मान्य करते, पण हाती आलेली सत्ता काम झाल्यावर अशी सोडून दिली जाते, हे मान्य करणं मला फार जड जातं. अमेरिकेनं २००१ मध्ये पाळतीचे अधिकार देणारा पेट्रियट कायदा केला, तेव्हा त्यातल्या बऱ्याच कलमांना २००५ अखेरची मुदत घातली होती. मुदत आली आणि पुन्हा पुन्हा वाढली. त्याच सिनेमात सरकारी वकील हार्वे डेंट जेवणाच्या टेबलावर कौतुकानं सांगतो की शत्रू वेशीवर आला की रोमन लोक लोकशाही बाजूला ठेवून एका माणसाला नेमत. त्याची मैत्रीण रेचल लगेच म्हणते, शेवटी नेमला तो सीझर होता, त्यानं सत्ता परत दिलीच नाही. पूर्वी हे वाक्य मी हौसेनं उद्धृत करायचे. मला त्यातलं काय समजलं होतं ते २०१९ मध्ये दिसलं.

६ डिसेंबर २०१९, शुक्रवार. हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य बाईवर बलात्कार करून तिला जाळल्याला नऊ दिवस झाले होते. सोलापुरातून हैदराबादला जाणारे-येणारे खूप, माझ्या वर्गात निम्म्या मुलांचे नातेवाईक तिकडे. ते नऊ दिवस स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. तिची स्कूटर पंक्चर झाली होती, तिनं बहिणीला फोन केला होता. माझी मुलगी तेव्हा पुण्यात नोकरीला, रात्री स्कूटरवरूनच परतायची. मी रोज तिला दोनदा फोन करत होते. त्या शुक्रवारी चहा गाळताना बातमी आली: चारही आरोपींना पोलिसांनी पहाटे घटनास्थळी नेलं आणि तिथे ते चकमकीत मारले गेले. टीव्हीवर लोक पुलावरून पोलिसांवर फुलं टाकत होते.

मी व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं. काळ्या आकाशात बॅटमॅनला बोलावायची वटवाघळाची ती खूण, आणि खाली: 'अखेर कुणीतरी आलं.' कॉलेजात एका सहकारी बाईंनी पेढे आणले होते. मी दोन खाल्ले, चव अजून आठवते. त्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा होता, महापरिनिर्वाण दिन असल्यानं बरीच मुलं दादरला चैत्यभूमीवर गेली होती. तारखेचा आणि माझ्या स्टेटसचा काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी तास संपल्यावर बारावीची एक मुलगी टेबलापाशी थांबली. हुशार, पण वर्गात फारसं न बोलणारी. पिशवीतून तिनं एक पातळ पुस्तिका काढली, शिवाजी पार्कच्या स्टॉलवरची. बाबासाहेबांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण.

"तुमच्यासाठी आणलंय, मॅडम. गाडीत तुमचं स्टेटस बघितलं, मग घेतलं."

ते भाषण मी दर वर्षी शिकवते. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात मात्र भक्ती, म्हणजे विभूतिपूजा, अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा भाग परीक्षेत येतो म्हणून अधोरेखितही करून घेते. मी तिला म्हणाले, "अगं, हे आहे माझ्याकडे."

ती म्हणाली, "माझ्या मामाला उचलून नेलं होतं, मॅडम. दुकान फोडलं म्हणून. दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं, वकील मिळाला. चार महिन्यांनी खरा माणूस सापडला. त्या रात्री मामाला पुलाकडं नेलं असतं तर तुम्ही काय स्टेटस ठेवलं असतं?"

आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "ते वेगळं, हे वेगळं."

"हो मॅडम," म्हणाली आणि गेली.

काय वेगळं होतं? चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, हे कलम २२ मीच शिकवते. तिचा मामा त्याच कंटाळवाण्या कलमामुळे आज घरी आहे. वेगळं एवढंच होतं, की या चौघांनीच ते केलं अशी माझी खात्री होती. ती खात्री मला कुणी दिली? नऊ दिवसांच्या बातम्यांनी. मामाच्या गल्लीतल्या लोकांचीही त्या रात्री तशीच खात्री असणार.

तरी माझी बाजू सांगते, कारण ती खोटी नव्हती. दिल्लीच्या २०१२ च्या गुन्ह्यातले दोषी त्या दिवशीही तुरुंगात फाशीची वाट बघत होते. सात वर्षं होत आली होती. मार्च २०२० मध्ये शिक्षा अमलात आली. 'कायद्याला त्याचं काम करू द्या' हे पुरुष मला सांगायचे तेव्हा माझं डोकं फिरायचं आणि आजही फिरतं. माझा संताप चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या संतापापायी मी कुणाच्या हातात काय दिलं, ते चूक होतं. की त्या वेळी दुसरं काही हातात नव्हतंच? दोन्ही वाक्यं मी स्वतःला म्हणून दाखवते, दोन्ही पटतात.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाचा अहवाल जाहीर झाला. आरोपींवर जीव घेण्याच्याच हेतूनं गोळ्या झाडल्या, असा निष्कर्ष. चौघांपैकी तिघं त्या वेळी अल्पवयीन होते, असंही त्यात म्हटलं होतं. अल्पवयीन, म्हणजे माझ्या बारावीच्या बाकांवर बसतात त्या वयाचे. मी तो अहवाल वर्गात सविस्तर सांगितला. माझं स्टेटस सांगितलं नाही. ते मी आज इथे पहिल्यांदा लिहितेय. ती मुलगी तोवर कॉलेज सोडून गेली होती.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. अंधारात बसून पडद्यावरच्या त्या माणसानं कायदा बाजूला ठेवावा असं मला अगदी मनापासून वाटतं, दर वेळी वाटतं. ते वाटणं बाहेर आल्यावर कुठे जातं, हे मी एकदा स्वतःच्या फोनवर पाहिलं आहे. बोटींचा खेळ मी अजून घेते, पण 'बघा, कुणी दाबलं नाही' म्हणत नाही. चिठ्ठ्या मोजते, आकडा फळ्यावर लिहिते आणि तो पुसल्याशिवाय तास संपवते.

पेढे आणणाऱ्या सहकारी बाई माझ्या मैत्रीण आहेत. त्या मला अजून विचारतात, "तुमच्या लेकीचं झालं असतं तर?" मी सांगते की मग मला तो मुखवटेवाला हवाच असता, आणि म्हणूनच त्या दिवशी निर्णय माझ्या हातात नको. त्या म्हणतात, हे पुस्तकी बोलणं झालं, वेळ आल्यावर कळेल. यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या पातळ पुस्तिकेत मी ते दोनदा शोधलंय.