तुम्ही विचारलंत म्हणून: कोर्टाने विचारलं तर नाव सांगाल का?

पत्रकारितेवर कुठेही बोलायला गेले की प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर करतं. प्रश्न ठरलेला असतो. "समजा, ही माहिती तुम्हाला कोणी दिली असं उद्या कोर्टानेच विचारलं, तर नाव सांगाल का?" मी तोंड उघडायच्या आत त्याला जोडून दुसरा येतो, "पण तुम्हाला कायद्याचं संरक्षण असतंच ना?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नाही, सांगणार नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र उभ्या उभ्या दोन मिनिटांत देता येत नाही. अर्धवट दिलं तर त्यावर विसंबून कुणीतरी आपली नोकरी घालवून बसेल, ही भीती मला खरोखर वाटते. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी एक गल्लत दूर करते. महाराष्ट्रात २०१७चा एक कायदा आहे, ज्याला सगळे 'पत्रकार संरक्षण कायदा' म्हणतात. पत्रकाराला मारहाण झाली, माध्यमाच्या कार्यालयाची तोडफोड झाली, तर तो लागू होतो. त्याची गरज होतीच. पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून 'नाव सांगणार नाही' म्हणायचा हक्क तो देत नाही. भारतातला दुसरा कुठलाही कायदा तो हक्क स्पष्ट शब्दांत देत नाही. १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्यात, कलम १५मध्ये, पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगायला भाग पाडता येणार नाही असं म्हटलेलं आहे. वाचून हायसं वाटतं. पण ते फक्त प्रेस कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं. कोर्टाला किंवा तपास यंत्रणेला त्याचं बंधन नाही.

याहून जास्त सलतं ते वेगळंच. १८७२च्या पुरावा कायद्यात कलम १२५ होतं. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली, हे सांगायची सक्ती पोलिस अधिकाऱ्यावर करता येणार नाही, असं ते सांगायचं. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. वकील आणि अशील, नवरा आणि बायको यांच्यातल्या बोलण्यालाही कायद्याने आडोसा दिला आहे. म्हणजे खबऱ्याचं नाव फुटलं की खबर येणंच बंद होतं, हे कायद्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. मग पोलिसांच्या खबऱ्याला जो न्याय, तो बातमीदाराला माहिती देणाऱ्या माणसाला का नाही? विधी आयोगाने १९८३ साली आपल्या ९३व्या अहवालात नेमकं हेच सुचवलं होतं. पुरावा कायद्यात १३२-अ हे नवं कलम घालावं, आणि गुप्ततेच्या बोलीवर मिळालेल्या माहितीचा स्रोत सांगायला कोर्टाने भाग पाडू नये, अशी ती शिफारस होती. २००३च्या १८५व्या अहवालात आयोगाने हा विषय पुन्हा काढला. पुढे अख्खा पुरावा कायदाच बदलला. त्याचं नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले. हे कलम मात्र आलं नाही.

कोर्टांचं म्हणणं आपल्या विरुद्धच असतं असं नाही. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की पत्रकारांच्या स्रोतांचं संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची एक मूलभूत अट आहे. आणि जानेवारी २०२३मध्ये दिल्लीतल्या एका न्यायालयाने सीबीआयचा तपास बंद करण्याचा अहवाल फेटाळताना नेमकं उलट टोक दाखवलं: तपास यंत्रणेला स्रोत न सांगण्याची कोणतीही कायदेशीर सूट भारतात पत्रकारांना नाही. मला यात विसंगती दिसत नाही. तत्त्व मान्य आहे, पण अडचणीच्या दिवशी कोर्टापुढे ठेवायला कलम नाही.

इतरत्र सगळं छान आहे, असं समजू नका. अमेरिकेचं नाव या विषयात नेहमी घेतलं जातं, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ब्रँझबर्ग खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी पत्रकारांच्या विरोधातच निकाल दिला. पॉल ब्रँझबर्ग हा केंटकीतला बातमीदार. दोन तरुण गांजापासून हशिश बनवताना त्याने स्वतः पाहिले, नावं न छापण्याच्या बोलीवर बातमी केली, आणि सोबत फोटो छापला तो फक्त काम करणाऱ्या हातांचा. ते हात कुणाचे, हे ग्रँड ज्युरीला, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला, हवं होतं. पत्रकार झाला तरी तो इतर नागरिकांसारखाच साक्षीदार, असं न्यायालयाने ठरवलं. तिथल्या बहुतेक राज्यांनी आपापले संरक्षण कायदे केले आहेत, मेरीलँडने तर १८९६ सालीच. पण संघराज्याच्या पातळीवर असा कायदा आजही नाही. म्हणूनच २००५मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदार ज्युडिथ मिलर स्रोत सांगायला नकार दिला म्हणून ८५ दिवस तुरुंगात राहिल्या. जानेवारी २०२४मध्ये प्रतिनिधिगृहाने एकमताने मंजूर केलेलं तसं विधेयक सिनेटमध्ये अडलं. मध्यंतरी तिथल्या न्याय खात्याने पत्रकारांचे फोन-रेकॉर्ड मागवण्यावर स्वतःच बंधनं घालून घेतली होती, ती २०२५मध्ये मागे घेतली. खात्याच्या नियमाचं असंच असतं, एका सहीने येतो आणि दुसऱ्या सहीने जातो.

मला जवळचा वाटतो तो विल्यम गुडविन. १९८९ साली तो लंडनच्या एका तांत्रिक नियतकालिकात शिकाऊ पत्रकार होता. एका कंपनीला मोठं कर्ज हवं आहे आणि तिची पैशांची ओढाताण चालू आहे, असं त्याला ओळखीतल्या एकाने फोनवर सांगितलं. त्याने काय केलं? शहानिशा करायला कंपनीलाच फोन लावला. प्रत्येक संपादक नव्या मुलांना हेच शिकवतो. त्या फोनमुळेच कंपनीला सुगावा लागला. तिने कोर्टातून छपाई थांबवली आणि टिपणं व नाव द्यायचा आदेश मिळवला. गुडविनने नकार दिला. पाच हजार पौंड दंड झाला. शेवटी मार्च १९९६मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला: सार्वजनिक हिताची अत्यंत निकडीची गरज असल्याशिवाय पत्रकाराला स्रोत सांगायला लावता येणार नाही. युरोपातला या विषयावरचा सगळा विचार या निकालावर उभा आहे, आणि त्याच्या मुळाशी एका शिकाऊ मुलाने इमानदारीने केलेला एक फोन आहे. सहा वर्षांहून जास्त काळ लागला, हेही विसरू नये.

स्वीडनची मांडणी मात्र वेगळीच आहे, आणि मला ती सगळ्यांत योग्य वाटते. १७६६ साली मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा करणारा तो पहिला देश. आज तिथे माहिती देणाऱ्याचं नाव त्याच्या संमतीशिवाय फोडलं, तर गुन्हा पत्रकारावर दाखल होतो, आणि त्याला तुरुंगवासही होऊ शकतो. देशाच्या सुरक्षेसारखे मोजके अपवाद सोडले तर सरकारी अधिकाऱ्याला 'ही माहिती कुणी दिली' याची चौकशी करायलाच बंदी आहे. थोडक्यात, तिथे गप्प राहणं हा माझा हक्क नाही, माझं कर्तव्य आहे. हक्क त्या समोरच्या माणसाचा.

हे मला कायद्याच्या पुस्तकातून कळलं नाही. स्वतःच्या चुकीतून कळलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने मला एका टिपणीची झेरॉक्स आणून दिली. "माझं नाव कुठे येणार नाही ना, मॅडम?" "नाही येणार," मी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. बातमीत नाव नव्हतंच. हुद्दा नव्हता, खातंही मोघम ठेवलं होतं. पण पुरावा दिसावा म्हणून आम्ही त्या कागदाचा वरचा कोपरा छापला. कोपऱ्यावर पेन्सिलीने केलेली एक बारीक खूण होती. तो कागद ज्या टेबलांवरून गेला, त्यातल्या एकाच टेबलावर तशी खूण करायची सवय होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचं टेबल बदललं होतं, महिन्याभरात बदली. मला समन्स आलं नाही. कोर्टाने काही विचारलं नाही, पोलिसांनी नाही, त्या कार्यालयानेसुद्धा नाही. मी प्राणपणाने राखायला निघालेलं नाव कुणाला माझ्याकडून नकोच होतं. मी त्यांना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुम्ही नाव नव्हतं दिलंत, मॅडम. मला माहीत आहे." त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

पुढे सारा टिस्डॉलची हकिगत वाचली आणि तो कोपरा पुन्हा डोळ्यांसमोर आला. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातली ही तरुण कारकून. १९८३ साली तिने अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रांच्या आगमनाबद्दलची कागदपत्रं द गार्डियनला पोचवली. वृत्तपत्राला तिचं नाव माहीतच नव्हतं. पण कोर्टाने कागद मागितला आणि वृत्तपत्राने तो परत दिला. प्रतीवरच्या खुणांवरून झेरॉक्स मशिन सापडलं, आणि मशिनवरून ती. सहा महिन्यांची शिक्षा झाली तिला.

म्हणून मी म्हणते, 'नाव सांगाल का' हा प्रश्नच आता मागे पडला आहे. नाव माझ्या तोंडात नाही, माझ्या फोनमध्ये आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये दिल्लीत एकाच प्रकरणात कित्येक पत्रकारांचे फोन आणि लॅपटॉप एका दिवसात जप्त झाले. फोन हातातून गेला की त्या एका प्रकरणाचंच नव्हे, आजवर ज्यांनी ज्यांनी विश्वास टाकला त्या सगळ्यांचं नाव जातं. माझं बारसं ते बँकेचा हप्ता, सगळं त्यात, तसंच त्यांचंही. त्याच नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं, की अशा जप्तीसाठी मार्गदर्शक सूचना हव्यात. नुसत्या सूचनांवर माझं समाधान होत नाही. सनोमा या डच प्रकाशनसंस्थेच्या खटल्यात २०१०मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जे म्हटलं, ते कायद्यात हवं: पत्रकाराची सामग्री ताब्यात घेण्याआधी न्यायाधीशाने किंवा तशाच स्वतंत्र, निःपक्ष यंत्रणेने गरज तपासली पाहिजे. आधी, नंतर नाही. कारण पाहून झालेलं नाव न पाहिलेलं करता येत नाही. ऑगस्ट २०२५पासून युरोपीय संघात लागू झालेला माध्यमस्वातंत्र्य कायदा आणखी पुढे जातो. पत्रकाराच्या उपकरणात हेरगिरीचं सॉफ्टवेअर घालण्यावर तो बंदी घालतो. अपवाद ठेवले आहेत, आणि त्यांचा वापर कसा होतो हे बघावं लागेल.

यावर लोक विचारतात, की मग कुणीही उठून 'सूत्रांच्या माहितीनुसार' काहीही छापेल, त्याचं काय? रास्त शंका आहे. सूत्रांच्या नावाखाली कंड्या पिकवणारे आमच्यात आहेत, आणि त्यांचा मला राग येतो. पण स्रोत लपवला म्हणून बदनामीच्या खटल्यातून सुटका होते, असं कुठेच नाही. नाव न देता बातमी खरी ठरवण्याचं ओझं माझ्यावरच असतं. कुणाचा जीव वाचवायचा असेल, दुसरा मार्गच उरला नसेल, तर न्यायाधीशाने अपवाद करावा, हेही मला मान्य आहे. मागणी एवढीच, की तो शेवटचा उपाय असावा, तपासाची पहिली पायरी नव्हे. आणि शब्द मोडणाऱ्या माध्यमाला मोकळं सोडू नये. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९८२च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या प्रचारात काम करणाऱ्या डॅन कोहेन याने गुप्ततेच्या बोलीवर विरोधी उमेदवाराची माहिती दिली. बातमीदारांनी शब्द दिला होता, संपादकांनी तो डावलून नाव छापलं. त्याची नोकरी गेली. १९९१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या आड लपून दिलेला शब्द मोडता येणार नाही. शेवटी त्याला दोन लाख डॉलर भरपाई मिळाली. माणूस फार चांगल्या हेतूने आला होता असं नाही. पण शब्द हा शब्द.

माझ्यापुरतं काय बदललं, तर मी आता 'काळजी करू नका' म्हणत नाही. कुणी काही सांगायला आलं, की कागद हातात घ्यायच्या आधी मी सांगते: मी नाव सांगणार नाही, त्यासाठी तुरुंगात जावं लागलं तरी. पण माझा फोन माझ्या हातून जाऊ शकतो. या कागदाच्या किती प्रती आहेत, कुणाकुणाकडे आहेत? यातली कुठली गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत आहे? कायदा इथपर्यंत येतो, याच्या पुढे नाही.

मागे एक बाई आल्या होत्या. मांडीवर तपकिरी पाकीट, त्यावर दोन्ही हात. मी हे सगळं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, एकदा पाकिटाकडे पाहिलं, म्हणाल्या, "घरी दोन मुलं आहेत माझ्या." मग पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि उठल्या. मी त्यांना थांबवलं नाही. त्या पाकिटात काय होतं, ते मला अजून माहीत नाही. तुम्हालाही नाही.