रोम, विद्यार्थ्याच्या खिशातलं

आज रोम दिवसभर पायी फिरलो. कोलोसियमचं २ युरोवालं तिकीट युरोपियन युनियनच्या १८ ते २५ वयाच्या लोकांनाच, आपल्या पासपोर्टवर नाही मिळत, म्हणून ते बाहेरूनच बघितलं. पण सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची सेंट मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, १६०० च्या आसपासची, एंट्री फ्री, मशीनमध्ये नाणं टाकलं की लाइट लागतो आणि अंधारातून ते चेहरे एकदम समोर येतात, अंगावर काटाच आला राव! मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा पण सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये फुकट बघायला मिळतो. पाणी विकत घेऊच नका, जागोजागी नाझोनी नावाचे जुने लोखंडी नळ आहेत, मस्त गार पाणी. आणि चर्चला सकाळीच जा, दुपारी बरीचशी बंद असतात.