लेक मिशिगनचा बर्फ पार एवढ्या खाली?

लेक इफेक्ट स्नो, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लेकवरून येणाऱ्या गार हवेमुळे काठाला पडणारा बर्फ, म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी लेक एरीच्या काठावरच्या बफेलो शहराचंच नाव, आणि ते बरोबरच आहे, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे जवळच ऑर्चर्ड पार्कला जवळपास दोन मीटर बर्फ पडला होता. पण मला त्याहून भारी वाटतं ते हा बर्फ लेकचा काठ सोडून लांब दक्षिणेला जातो तेव्हा. इंडियाना राज्यातलं इंडियानापोलिस शहर लेक मिशिगनपासून दोनशे किलोमीटरच्या वर आहे, तरी कधीकधी तिथपर्यंत पोचतो!

एरवी काठाजवळच खेळ आटपतो. कॅनडाकडची गार कोरडी हवा त्या मानाने उबदार पाण्यावरून येते, वाफ उचलते, ढग होतात, बर्फ पडतो आणि जमिनीवर वाफेचा पुरवठा तुटला की ढग विरतात. त्यासाठी दीड किलोमीटर वरची हवा पाण्यापेक्षा साधारण १३ डिग्रीने तरी थंड लागते. लांबवर जायचं तर वारा नेमका उत्तरेचा हवा, कारण हा लेक उत्तर-दक्षिण जवळपास ५०० किलोमीटर पसरलाय आणि रुंदीला २०० सुद्धा नाही, म्हणजे उभ्या वाऱ्याला पाणीच पाणी मिळतं आणि सगळे ढग एका जाड पट्ट्यात गोळा होतात. वरचा-खालचा वारा एकाच दिशेने जोरात असला की तो पट्टा न मोडता इंडियानात खोलवर घुसतो.

वारा वायव्येचा असेल तर उरलेली ओल अजून पुढे, टेनेसी-नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांपर्यंतही जाते, तिथे चढावर हवा परत वर ढकलली जाते आणि बर्फ पडतो. सात-आठशे किलोमीटर लांबच्या पाण्याचा त्यात वाटा, मला तर हे विलक्षणच वाटतं.

गोची अशी की हे ढग बुटके असतात आणि रडारचा बीम लांब जाईल तसा वर वर जातो, त्यामुळे तो कित्येकदा ढगांच्या डोक्यावरूनच निघून जातो, ॲपवर सगळं कोरडं दिसतं आणि बाहेर पांढरं झालेलं असतं. म्हणून आय-६५ हायवेवरून लेकच्या दक्षिण काठावरच्या गॅरी शहराकडे निघणाऱ्या सगळ्यांना मी सांगते, रडारवर विसंबू नका, दिवसा सॅटेलाइट बघा, त्यात तो पट्टा लेकवरून खाली आलेला सरळ दिसतो. पट्ट्याबाहेर लख्ख ऊन असतं आणि आत शिरलात की पुढच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा दिसत नाहीत, तेव्हा ऊन असतानाच स्पीड कमी करा.